वमनानंतर मोठ्याने बोलू नये

मी मुळशीत गेलो तो ओकारी बंद करायला.

हे वाचून कोणाला हसू आले तर येऊ दे, पण त्या वेळी मला ते हसण्यासारखे वाटत नव्हते. पुण्यात आमचे एक मंडळ होते. सात-आठ तरुण, हाताने फिरवायचे एक सायक्लोस्टाइल यंत्र आणि कायम उकळणारा चहा. आम्ही पत्रके काढत असू. अंगारे, ताईत, नजर उतरवणे या सगळ्यांवर एकेक पत्रक निघून गेले होते. अशात कळले की मुळशीकडच्या एका गावात कोणी वैद्य दर चैत्रात धडधाकट माणसांनाही तूप पाजून ओकायला लावतो आणि सगळे गाव भोवती बसून ते बघते. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढले. मथळा होता, ‘ओकून कोणी शहाणा झाला आहे काय?’ शंभर प्रती काढल्या. शाई पुसट आली म्हणून आणखी शंभर काढल्या.

पण नुसती पत्रके वाटायला मी गेलो नव्हतो. खरे काम खोलीचे होते. सरकारचा फिरता दवाखाना आठवड्यातून एक दिवस धरणाच्या काठच्या कुठल्यातरी एका गावात येणार होता. अट एवढीच, की गावाने एक खोली द्यावी. खाली फरशी किंवा कोबा, दाराला कडी, आत पाणी जायला मोरी. चैत्राच्या ग्रामसभेत खोली ठरली नाही तर दवाखाना पाण्यापलीकडच्या गावाला जाणार होता. तशी खोली गावात एकच आहे, असे सरपंचांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले. देवळाशेजारची, दगडी फरशीची. आणि त्याच खोलीत गेली कित्येक वर्षे वैद्यबुवा लोकांना ओकवत होते.

म्हणजे एका बाजूला दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला ओकारी. असा स्वच्छ सामना पत्रकवाल्याच्या नशिबी वारंवार येत नाही. मी आलेल्याच दिवशी पारावर सभा लावली.

सभेच्या आधी गावाची एक रीत मला माहीत असायला हवी होती. औषध पोटात गेल्यावर ओकारीची जी एकेक उबळ येते तिला वैद्यबुवा ‘वेग’ म्हणत. चार वेग म्हणजे कमी, सहा म्हणजे बरे, आठ म्हणजे उत्तम. ग्रंथात हे माणसाचे पोट किती साफ झाले ते कळावे म्हणून होते. गावाने त्यातून मान ठरवला होता. प्रत्येक मोठ्या माणसाला त्याचा आकडा होता. पारावर आठाचा माणूस बोलू लागला की पाचाचा गप्प बसे. सोयरीक जुळवताना जमीन विचारून झाली की कोणीतरी हळूच विचारी, “अन् पोरगा कितीचा हाय?” सरपंच चाराचे होते. हे त्यांच्या तोंडावर कोणी काढत नसे, आणि पाठीमागे दुसरे काही काढत नसे. त्यांना दवाखाना औषधासाठी हवा होता की ती खोली एकदाची बंद व्हावी म्हणून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

मी पत्रक वाचून दाखवले. अंधश्रद्धा, अज्ञान, शोषण हे तिन्ही शब्द मी जोर देऊन म्हटले. संपल्यावर पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, “तू कितीचा रं?”

या मावशी. गावातले लहानथोर त्यांना मावशीच म्हणत. त्यांचे घर पाण्याच्या कडेला होते, आणि पलीकडची नाव बोलवायची असली की लोक त्यांना उठवून न्यायचे, कारण एवढ्या पाण्यावरून हाळी पोचवणारा गळा गावात त्यांचाच होता. त्या स्वतः आठाच्या होत्या.

“मी असले काही घेतलेले नाही, मावशी,” मी ठणकावून सांगितले.

“न घेताच बोलतुया,” त्यांनी बाकीच्यांना सांगितले. सांगायची गरज नव्हती, सगळे तिथेच बसले होते. “वरान चाखायच्या आदीच मीठ कमी हाय म्हंतुया.”

लोक हसले. मला राग आला, आणि रागाच्या भरात मी माझ्या आयुष्यातली सर्वांत तर्कशुद्ध चूक केली. आमच्या अंगाऱ्यावरच्या पत्रकात एक वाक्य होते, की प्रयोग अर्धवट सोडून निष्कर्ष काढू नये. तेच मी पारावर उभे राहून म्हटले. म्हटले, “ठीक आहे. मी घेतो. सगळे नियम पाळून घेतो. एक नियम जरी माझ्याकडून मोडला तर माझा शब्द धरू नका. आणि मग ग्रामसभेत सांगतो, या सगळ्याचा काय उपयोग आहे तो.”

“झकास,” मावशी म्हणाल्या. “आता बोललास.”

वैद्यबुवा किडकिडीत, साठीच्या आसपासचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी तावातावाने गेलो होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नाडी बघू लागले, त्यामुळे बोलताना हात हलवता येईना.

“सकाळी तोंडाला आंबट पाणी सुटतं?”

“सुटते.”

“दुपारनंतर डोकं चढतं?”

“चढते. पण त्याचा इथे काय संबंध?”

“चहा किती घेता?”

मी आकडा निम्मा करून सांगितला.

“म्हणजे याच्या दुप्पट धरतो,” ते म्हणाले. “राग येतो?”

“येतो. पण अन्यायाचा येतो.”

“असेल. पित्त काही कारण विचारून वाढत नाही.”

मग त्यांनी एक पोथीसारखे जुने पुस्तक उघडले आणि नियमांचे श्लोक म्हणून दाखवले. छान म्हटले, हे मान्य करतो. म्हणून झाल्यावर त्यांनी विचारले, “अर्थ सांगू?”

मी म्हटले, “काही गरज नाही. संस्कृत ऐकवून लोकांची तोंडे बंद करण्याचे दिवस गेले. पाळायचे आहेत ना, पाळतो.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “बरं,” म्हणाले, आणि पुस्तक मिटले.

दुसऱ्या दिवसापासून तूप सुरू झाले. सकाळी अनशापोटी, कोमट केलेले, त्यावर गरम पाणी. पहिल्या दिवशी ते वाटीच्या तळाशी होते, म्हणून मी मनात म्हटले, एवढेच ना. पाचव्या दिवशी वाटी काठोकाठ भरून आली आणि तिला दुसरी वाटी जोडलेली होती. तोवर माझ्या घामालाही तुपाचा वास यायला लागला होता. गावातली कुत्री माझ्यामागून हिंडत, आणि थांबलो की पाय चाटत. पत्रके वाटायचे मी थांबवले नव्हते. पण बोटे अशी तुपकट, की चौथ्या दिवशी पत्रके पारदर्शक झाली आणि वरचे धरले की खालचेही वाचता येई. एका बाईंनी आपण होऊन पत्रक मागून घेतले. मला इतका आनंद झाला की आणखी दोन दिली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “आनखी हायेत का? चुलीला लई झ्याक पेटतं.”

त्यानंतर अंगाला तेल आणि वाफेचा शेक. वमनाच्या आदल्या संध्याकाळी वैद्यबुवांच्या घरी जेवण. दहीभात, उडदाचे वडे, तिळाचे लाडू. पोटातला कफ सुटून वर यावा म्हणून हे मुद्दाम खायला घालतात. आठ दिवस मऊ भातावर काढलेले. मी संकोच न करता जेवलो. वाढणाऱ्या काकू, म्हणजे वैद्यबुवांच्या घरच्या, आग्रह करत होत्या.

“घ्या आणखी एक वडा. लाजू नका. उद्या सगळं परतच करायचंय.”

सकाळी देवळाशेजारच्या त्या खोलीत मला गुडघाभर उंच चौरंगावर बसवले. दार उघडे. दारात, ओट्यावर, समोरच्या भिंतीवर सगळे गाव. मावशी पुढे, मांडीवर चिंचोक्यांची पुरचुंडी घेऊन. मोजणी त्यांच्याकडे होती. सरपंचही आले होते, खुर्ची टाकून. मला आधी दूध पाजले. तांब्यामागून तांब्या. पोटाचा नगारा झाला तेव्हा ओकारी आणणाऱ्या गेळफळाचे चूर्ण मधात आणि सैंधवात कालवून चाटवले आणि वर ज्येष्ठमधाचा काढा दिला. मग सगळे वाट बघत बसले. मी दारातल्या लोकांकडे पाहून म्हणणार होतो की बघा, काही होत नाही. “बघा” म्हणून झाले.

पुढचे सविस्तर सांगण्याची गरज नाही. वैद्यबुवांनी एका हाताने कपाळ धरले होते आणि दुसऱ्याने पाठ खालून वर चोळत होते, आणि प्रत्येक वेगानंतर मावशींचा चिंचोका फरशीवर टक्कन पडत होता.

“चार,” मावशी म्हणाल्या.

“गाठला सरपंचाला,” भिंतीवरून कोणीतरी म्हणाले. सरपंचांना घरी काहीतरी काम आठवले.

पाचव्यानंतर मी मनाशी म्हटले की या आकड्याला काही शास्त्रीय अर्थ नाही. सहाव्यानंतर वाटले, साताला थांबलो तर हे लोक जन्मभर मला साताचा म्हणतील. सातवा झाल्यावर बराच वेळ काही येईना. मावशी चिंचोका बोटांत धरून बसल्या होत्या. आठवा आला तेव्हा मी, हे लिहिणे भाग आहे, दोन्ही हात वर केले.

गावाने मला उचलायचेच बाकी ठेवले. वैद्यबुवांनी हात पाय धुववले, औषधी धुराचे दोन झुरके दिले, आडवे केले आणि शेजारी पुस्तक घेऊन बसले.

“आता अर्थ सांगतो,” ते म्हणाले. “आजपासून सात दिवस पेज आणि मऊ भात, चढत्या क्रमानं. लांब चालायचं नाही. गाडीचे धक्के नाहीत. दिवसा झोप नाही. रागवायचं नाही. आणि सगळ्यात पहिलं, मोठ्यानं बोलायचं नाही.”

“किती दिवस?”

“सात.”

“ग्रामसभा चौथ्या दिवशी आहे.”

“माहीत आहे.”

मी उठून बसलो आणि हा सरळसरळ कट आहे असे म्हणायला तोंड उघडले. काकू पेज घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवले. “पहिला नियम,” म्हणाल्या. “तुम्हीच पारावर सांगितलंत म्हणे, एक मोडला की शब्द गेला.”

माझा शब्द. आठाच्या माणसाचा शब्द, ज्याला आता या गावात किंमत होती, आणि जो मला उच्चारता येत नव्हता.

ते तीन दिवस गावाने मजेत काढले. जी माणसे इतके दिवस माझ्यासमोरून वळसा घालून जात ती आता येऊन बसत, पत्रक उलगडत आणि निवांत विचारत, “हे शोशन म्हंजे काय वो?” मी कुजबुजायला लागलो की म्हणत, “काय?” आणि पुन्हा, “काय?” मग समाधानाने उठून जात. दुसऱ्या सकाळी माझ्या लक्षात आले की तोंडाला आंबट पाणी सुटले नाही. तिसऱ्या दुपारी डोके चढायची वेळ आली आणि गेली. मी हे कोणाला सांगितले नाही. तसेही सांगितले असते तर ऐकू कोणाला गेले असते.

ग्रामसभा देवळापुढे भरली. वैद्यबुवा मागे आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. सरपंच उभे राहिले. “आपलं कागदवालं आता आठाचं हायेत,” ते म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना झालेला त्रास मला दिसला. “खोलीचं काय करायचं ते त्यांनी सांगावं. त्यांचा शब्द गाव ऐकंल.”

मी घशाकडे बोट केले. थोडी चर्चा झाली आणि ठरले की मी मावशींच्या कानात बोलावे आणि मावशींनी ते गावाला सांगावे. यात नियम मोडत नाही, असे वैद्यबुवांनीही मागून सांगितले.

मी सुरुवात पाठ केली होती. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षे झाली तरी आरोग्याचा प्रकाश डोंगराआड पोचला नाही, विज्ञान आणि लोकशाही ही दोन चाके आहेत, वगैरे. चांगली लांब होती. मावशींनी मान हलवत सगळी ऐकली आणि उभ्या राहिल्या.

“रामराम म्हंतुया.”

मी जंतूंवर आलो. पाण्यातले, हातावरचे, नखांतले, डोळ्यांना न दिसणारे. विस्ताराने.

“हात धुवा म्हंतुया.”

“आरं त्ये सोड,” मागून एकजण म्हणाला. “बरं वाटलं का न्हाई, त्ये इचार त्याला.”

मावशींनी कान पुढे केला. आता मी पुण्याहून खोटे बोलायला आलो नव्हतो. मी कुजबुजलो की आम्लपित्त कमी झाले आहे हे खरे आहे. परंतु एका व्यक्तीच्या अनुभवावरून, त्यातही पंधरा दिवस चहा पूर्ण बंद असताना, सर्वसाधारण निष्कर्ष काढणे हे...

“व्हय,” मावशी गरजल्या. पाण्यापलीकडेही ऐकू गेले असावे.

“आजून कायतरी बोलतुया की त्यो.”

“पुढलं लई हाय. कामाचं येवढंच.”

सरपंचांचा चेहरा पडला. वैद्यबुवा उंबऱ्यावरून उठले. त्यांच्या हातात खोलीची किल्ली होती. “खोली गावाची आहे,” ते म्हणाले. “गावानं मागितली तर आत्ता देतो. माझ्या घरात मोरी नाही, एवढंच सांगतो.” आणि पुन्हा बसले.

या माणसाला बाहेर काढायला कोणाचे मन धजेना, माझेही नाही, हे मला आवडले नाही पण तसे होते. मग एकजण म्हणाला, दवाखाना जाऊ द्या पलीकडे. त्यावर बायकांत गलबला झाला. एकजण उभीच राहिली. “तापानं फनफनल्यालं ल्येकरू घिऊन म्या नावंची वाट बगत बसू व्हय? तू बस.” सभा दोन्हीकडून अडली. हात वर झाले असते तर एक तर दवाखाना गेला असता नाही तर वैद्यबुवा.

मी मावशींची बाही ओढली आणि घाईघाईने कुजबुजलो, की आज निर्णय घेऊ नका, एक उपसमिती नेमा, तिने पाहणी करून अहवाल द्यावा. मंडळात आम्ही अडलो की हेच करत असू.

मावशींनी ऐकून घेतले. मग त्या सभेकडे वळल्या.

“सरपंचाच्या नव्या खोलीत दवाखाना बसवा म्हंतुया.”

सरपंचांनी घराला लागून पाहुण्यांसाठी नवी खोली बांधली होती. खाली कोबा, दाराला कडी, कोपऱ्यात मोरी. जवळजवळ दोन आठवडे मी त्याच खोलीत झोपत होतो. रोज सकाळी त्या मोरीत अंघोळ करत होतो आणि त्या कडीला पंचा वाळत घालत होतो. आणि गावात खोली एकच आहे, हे सरपंचांचे वाक्य मी तिथेच बसून मंडळाला पत्राने कळवले होते.

“असं म्हनला त्यो?” सरपंचांनी विचारले.

“म्हनला.”

“ती पावन्यांची खोली हाय.”

“डागदर काय घरचा हाय? त्योबी पावनाच.”

“आठानं मागितलंय,” भिंतीवरून आवाज आला. “चारानं द्यावं.”

मी असे म्हटलेच नव्हते. मी उभा राहिलो, हे सांगायला तोंड उघडले, आणि मागून वैद्यबुवांनी बोट वर केले. नुसते बोट. मी तोंड मिटले. गावाने ते उभे राहणे म्हणजे आग्रह समजला. सरपंच लोकांकडे, मग माझ्याकडे, मग बायकांकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “घ्या. आठवड्याचा येकच दिस.” ठराव झाला. हात वर झाले त्यात माझाही होता.

सभा उठल्यावर मी मावशींना गाठले. कुजबुजत भांडणे फार अवघड असते. समोरच्याला वाटते आपण गुपित सांगतो आहोत.

“मावशी, मी हे म्हटलेच नव्हते. तुम्ही माझ्या तोंडी घातलेत.”

“मग तू काय म्हनत हुतास?”

“उपसमिती नेमा.”

“ती कुटं बसली असती?”

मी विचार केला.

“तिलाबी खोलीच लागली असती,” मावशी म्हणाल्या, आणि पदर खोचून पाण्याकडे चालू लागल्या.

आठव्या दिवशी आवाज मोकळा झाला तसा मी पारावर गेलो आणि मोठ्याने, स्पष्ट सांगितले की ती सूचना माझी नव्हती, मावशींची होती. एकाने सांत्वन केले, “असू द्या. मावशी आठाच्या, तुमीबी आठाचं.” मी त्यांना सांगितले की ओकारीच्या मोजणीवर कोणाचे म्हणणे खरे हे ठरवणे हा शुद्ध मूर्खपणा आहे. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले, कारण सांगणारा आठाचा होता.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याची जीप आली. बायका पोरे घेऊन सरपंचांच्या अंगणात बसल्या आणि सरपंच स्वतः त्यांना ओळीत बसवत होते, मोठ्या आवाजात. वैद्यबुवांच्या खोलीत त्या सकाळी कोणाला तरी शेक चालू होता.

पुण्याला परतल्यावर मी अहवालात तीन वाक्ये लिहिली. दवाखान्याला खोली मिळाली. ती मागण्याची सूचना माझी नव्हती, एका म्हाताऱ्या बाईंची होती. माझे पित्त कमी झाले आहे, कशामुळे ते निश्चित सांगता येत नाही. मंडळाने पहिले वाक्य छापले आणि त्याला जोडून छापले की आमच्या कार्यकर्त्याने भर सभेत मोठ्या धडाडीने ही मागणी मांडली. उरलेल्या दोन वाक्यांना जागा नव्हती म्हणाले. पत्रकाचे अर्धे पान कोरे होते. मी भांडलो. मला सांगण्यात आले की तू वैद्याचा झालास. मी झालो नाही. एका माणसाचे पोट हा पुरावा होत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. चहा सुरू केल्यावर पित्त परत आले, तेही सांगतो. पण जे झाले ते लिहायचे की आपल्याला हवे तेवढेच लिहायचे, याचा निकाल एकदा लावा, एवढेच माझे म्हणणे होते. त्यांनी त्यासाठी एक उपसमिती नेमली. तिची बैठक अजून झालेली नाही, म्हणून तिन्ही वाक्ये मी इथे लिहिली आहेत.